पात्रांना आज्ञा, लेखांक ९ : ७१६८ एककांपलीकडे

'मोरोविंड' या खेळासाठी नव्याने लिहिलेल्या ओपनएमडब्ल्यू या इंजिनच्या इंटरप्रिटरच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागाच्या हाती पात्राला चालायला लावणारी 'एआय-ट्रॅव्हल' ही आज्ञा पडते, तेव्हा तिच्यामागील सी प्लस प्लस फंक्शनला करावे लागणारे काम आश्चर्य वाटावे इतके थोडे असते. स्टॅकवरून गंतव्यस्थानाचे क्ष, य आणि झ हे तीन निर्देशक काढून घ्यायचे, त्यांपासून प्रवासाचे एक 'पॅकेज', म्हणजे पात्राला नेमून दिलेले एक काम, तयार करायचे, ते त्या पात्राच्या कामांच्या यादीत घालायचे आणि परत फिरायचे. या क्षणी पात्र एक पाऊलही टाकत नाही. प्रत्यक्ष चालणे पुढील शेकडो फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर एकामागून एक रेखाटल्या जाणाऱ्या चित्रांमध्ये विभागून होते आणि ते इंजिनचा एक वेगळाच विभाग करून घेतो. स्क्रिप्ट मात्र तोपर्यंत आपल्या पुढच्या ओळीवर गेलेली असते. मागील लेखांकाच्या अखेरीस लढाईच्या आज्ञांचे आश्वासन दिलेले होते, परंतु आज्ञा देणे आणि काम होणे यांतील हे अंतर नीट समजल्याशिवाय लढाईकडे वळण्यात अर्थ नसल्यामुळे तो विषय पुढे ढकलणे भाग आहे.

'मोरोविंड' खेळलेल्यांना सेडा नीन गावातील फारगोथ आठवत असेल. रात्र झाली की तो आपला ऐवज लपवण्यासाठी दलदलीतल्या झाडाच्या खोडाकडे जातो आणि खेळाडू दीपगृहावरून त्याच्यावर पाळत ठेवतो. असे प्रसंग रचणारा स्क्रिप्टकार सर्वसाधारणपणे टप्पा मोजणारा एक चल ठेवतो, पात्राला चालण्याची आज्ञा देतो आणि नंतर प्रत्येक फ्रेमला 'गेट-एआय-पॅकेज-डन' या फंक्शनने काम संपले की नाही असे विचारत राहतो. उत्तर १ आले की टप्पा वाढतो, ० आले की वाट पाहणे चालू राहते. २००२ साली बेथेस्डाने प्रसिद्ध केलेल्या या खेळाच्या आणि त्यानंतर चाहत्यांनी लिहिलेल्या असंख्य पुरवण्यांच्या स्क्रिप्ट अशा प्रश्नोत्तरांवर उभ्या आहेत. मूळ इंजिनचा स्रोत उपलब्ध नसल्यामुळे ते उत्तर केव्हा १ होत असे, हे निरीक्षणाने शोधून काढणे हेच नव्या इंजिनच्या रचनाकारांचे खरे काम ठरले.

या शोधातील सर्वांत बोधप्रद गोष्ट ७१६८ या आकड्याची आहे. पात्र ज्या जागी उभे आहे तेथून गंतव्यस्थान ७१६८ एककांपेक्षा दूर असेल, तर मूळ खेळात ते पात्र चालायला निघतच नाही. काम यादीत राहते, पूर्ण होत नाही, रद्दही होत नाही, आणि स्क्रिप्टला ० हेच उत्तर मिळत राहते. मोरोविंडच्या खुल्या जगाचे ज्या चौकोनी तुकड्यांत विभाजन केलेले आहे, त्या प्रत्येक 'सेल'ची बाजू ८१९२ एककांची, म्हणजे १०२४ च्या आठपट असते आणि प्रवासाची ही मर्यादा सातपट आहे. त्यामुळे स्मृतीत न आणलेल्या सेलमध्ये पात्र भरकटू नये एवढाच तिचा मूळ हेतू असावा, असा तर्क ओपनएमडब्ल्यूच्या रचनाकारांनी केला आहे. तरीही ही मर्यादा घरांच्या आणि गुहांच्या आतही लागू होते, जेथे तिचे काही प्रयोजन दिसत नाही.

नवे इंजिन लिहिताना ही मर्यादा काढून टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण दूरवर जायला सांगितले की पात्राने दूरवर जावे, यात गैर ते काय? परंतु मूळ स्क्रिप्टकाराने चुकून फार दूरचे निर्देशक लिहिले असतील, तर त्याने चाचणी घेताना पात्र जागेवर उभे असलेले पाहिले, त्याला ते योग्य वाटले आणि पुढचा सारा प्रसंग त्याने त्या उभ्या असलेल्या पात्राभोवती रचला. मर्यादा काढताच ते पात्र निघून जाईल आणि त्याच्याशी बोलल्यावाचून पुढे न सरकणारी मोहीम तेथेच अडकेल. म्हणूनच ही मर्यादा त्याच आकड्यासह जशीच्या तशी राखली गेली. जुन्या आशयाशी निष्ठा ठेवायची तर त्यातील चुकांशीही ठेवावी लागते, ही भूमिका अनेकांना पटत नाही. प्रस्तुत लेखमालेच्या मते ती पूर्णपणे रास्त आहे.

एका वाचकाने असे विचारले आहे की जुन्या स्क्रिप्टमध्ये 'एआय-ट्रॅव्हल'नंतर तीन निर्देशकांखेरीज चौथा आकडा कधी ० तर कधी १ असा दिसतो, त्याचा उपयोग काय? स्क्रिप्टचे इंटरप्रिटरसाठी भाषांतर करणाऱ्या कंपायलरमध्ये प्रत्येक आज्ञेच्या नोंदीबरोबर तिला लागणाऱ्या मूल्यांचे प्रकार अक्षरांनी लिहिलेले असतात. 'एफ' म्हणजे अपूर्णांक चालणारी संख्या, 'एल' म्हणजे पूर्णांक, आणि तिरप्या रेघेनंतर येणारी मूल्ये ऐच्छिक. चौथा आकडा या रेघेपलीकडचा आहे. इंजिनच्या प्रारंभीच्या आवृत्त्या तो वाचून टाकून देत असत. पुढे असे आढळले की त्याचे मूल्य काहीही असले तरी फरक पडत नाही, मात्र तो लिहिलेला आहे की नाही याने पडतो. लिहिलेला असेल तर ते काम संपल्यावर यादीच्या शेवटी पुन्हा जाऊन बसते आणि पात्र त्याची पुनरावृत्ती करते. याच अक्षरांच्या तक्त्यात 'एक्स' हे अक्षर स्वीकारून दुर्लक्षिण्याच्या मूल्यासाठी आणि 'जे' हे अक्षर चक्क निरर्थक मजकुरासाठी राखलेले आहे, कारण मूळ कंपायलर आज्ञेमागे पडलेला भलताच शब्द किंवा टिंब निमूटपणे चालवून घेत असे आणि तशा ओळी मूळ खेळातच शिल्लक आहेत.

चालण्याच्याच 'एआय-एस्कॉर्ट' या दुसऱ्या आज्ञेचा येथेच उल्लेख केला पाहिजे. तिच्यानुसार पात्र पुढे चालते आणि खेळाडू मागून येतो. खेळाडू मागे पडला तर पात्राने थांबायचे. किती मागे, याची एकच सीमा ठेवली तर त्या सीमेवर रेंगाळणाऱ्या खेळाडूमुळे पात्र दर फ्रेमला चालत-थांबत धडपडेल. म्हणून चालत असताना ही सीमा ४५० एककांची असते आणि पात्र एकदा थांबले की ती २५० वर येते, म्हणजे खेळाडू बराच जवळ आल्याशिवाय ते पुन्हा निघत नाही. फ्रिजमधील थर्मोस्टॅटही थंडावा सुरू आणि बंद करण्याची तापमाने अशीच वेगवेगळी ठेवतो. ही युक्ती पाहण्यासाठी ओपनएमडब्ल्यूच्या स्रोतातील या आज्ञेची संचिका उघडावी. ती अत्यंत छोटी आहे.

अशा रीतीने वाट दाखवणाऱ्या पात्रावर मध्येच हल्ला झाला, तर लढाईचे काम प्राधान्याने यादीच्या पुढे घातले जाते आणि सोबतीचे काम खाली तसेच उभे राहते. 'स्टार्ट-कॉम्बॅट' या आज्ञेचे विवेचन त्या यादीपासूनच सुरू होईल.