विमस्क्रिप्टमधून लुआत: ‘अलिबाग’ची मोजणी

1991 साली आलेल्या विम या टेक्स्ट एडिटरच्या मदतनीस स्क्रिप्ट विमस्क्रिप्ट भाषेत लिहिल्या जात. त्यातून निघालेल्या निओविमने 2021 मध्ये लुआ भाषेला बरोबरीचे स्थान दिले. जुनी स्क्रिप्ट लुआत आणताना ओळीला ओळ लावून भागत नाही. विमस्क्रिप्टची यादी शून्यापासून मोजली जाते, लुआची एकपासून. देवनागरीत आणखी एक पेच आहे. ‘अलिबाग’ वाचताना अक्षरे 4, युनिकोडमध्ये काना-वेलांटी धरून चिन्हे 6, यूटीएफ-8 साठवणीत बाइट 18. विमच्या शोधनमुन्यातला टिंब अख्खे अक्षर पकडतो, लुआचा फक्त एक बाइट; त्याने ‘अ’चेच तुकडे होतात. अशा ठिकाणी निओविममध्ये लुआतूनच विमचे जुने फंक्शन बोलावता येते. शेवटी दोन्ही स्क्रिप्टना तोच मजकूर देऊन निकाल ताडून पाहतात.