एकच नाव, अनेक जीव!

वर्कशॉपमध्ये एम-६ चे बोल्ट आणि पाव इंची बोल्ट एकाच डब्यात पडले की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. एकाचा व्यास ६ मि.मी., दुसऱ्याचा ६.३५ मि.मी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण पाव इंची नट एम-६ वर चढवायला गेलं, की एखाद-दोन आटे फिरतो आणि अडकतो!

निसर्गातही असे मिसळलेले डबे आहेत. दिसायला एकसारखे, म्हणून शास्त्रज्ञांनी एकच नाव दिलेले. पण मुळात वेगळ्या प्रजातीचे जीव. त्यांना 'क्रिप्टिक स्पीशीज' म्हणतात. आपण 'छुप्या प्रजाती' म्हणूया.

याचं झकास उदाहरण म्हणजे झाडांचा रस शोषणारे माईट. शेतकरी त्यांना 'कोळी' म्हणतात. (मी कॉन्व्हेंटवाली, मला कोळी म्हटलं की आधी मासेच आठवतात!) त्यातलं एक कुटुंब आहे 'इरिओफाइड'. कोकणात नारळावर देठाजवळ तपकिरी, खरबरीत चट्टे पाडणारा कोळी याच कुटुंबातला. बाकी माईटना पाय आठ, यांना फक्त चार. लांबी साधारण पाव मिलिमीटर. पंख नाहीत, डोळे नाहीत. प्रवास वाऱ्याच्या भरवशावर!

याच कुटुंबातला 'व्हीट कर्ल माईट' गव्हाचं पान गुंडाळतो, आणि 'व्हीट स्ट्रीक मोझॅक' नावाचा विषाणूही पसरवतो. १९५० च्या दशकात कॅनडात हे उघडकीला आलं, तेव्हा त्याला ट्यूलिप आणि लसणावरच्या माईटचंच नाव होतं. १९६९ मध्ये कीफर यांनी गव्हावरच्या माईटला 'अ‍ॅसेरिया टोसिकेला' हे वेगळं नाव दिलं. झालं, प्रश्न सुटला असं वाटलं. पण पुढे डीएनए तपासल्यावर कळलं, की या एका नावाखालीसुद्धा अनेक वंश लपलेत! पोलंडमध्ये अ‍ॅना स्कोरात्स्का आणि सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. काही वंश अनेक तृणधान्यांवर आणि गवतांवर जगतात, तर काही एकाच गवताला चिकटून असतात.

असं का होतं? एक तर शरीर इतकं लहान आणि साधं, की फरक दिसायला जागाच नाही. दुसरं म्हणजे नर-मादी भेटतसुद्धा नाहीत. नर पानावर शुक्राणूंची पुडी ठेवतो, मादी ती उचलते. म्हणजे जोडीदार त्याच झाडावरचा. अंड्यापासून प्रौढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे एकाच झाडावर पिढ्यांमागून पिढ्या जातात. हळूहळू तो वंश त्या झाडाचाच होऊन बसतो.

आता नट फिरवून बघायची टेस्ट! या माईटमध्ये फलन न झालेल्या अंड्यांतून फक्त नर जन्मतात. मादी हवी तर फलन हवंच. म्हणून दोन गवतांवरचे माईट एकत्र ठेवायचे आणि पुढच्या पिढीत माद्या येतात का ते मोजायचं. गवतावरच्या 'अ‍ॅबॅकेरस हिस्ट्रिक्स' या माईटच्या बाबतीत क्वॅकग्रास आणि रायग्रासवरच्या गटांमध्ये अशीच प्रजननाची भिंत सापडली, आणि २००९ मध्ये रायग्रासवाल्याला 'अ‍ॅबॅकेरस लोलाय' हे स्वतंत्र नाव मिळालं.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? शेतकऱ्याला विचारा! बांधावरच्या गवतात माईट दिसला. तो गव्हावर येणार की नाही? एका वंशाचा असेल तर येईल, दुसऱ्याचा असेल तर आयुष्यभर गवतातच राहील. ऑस्ट्रेलियात तर दोन वंश तपासले, आणि विषाणू पसरवताना त्यातला एकच सापडला. वंश न ओळखता फवारणी केली तर पैसा आणि औषध दोन्ही वाया. उलट, 'निरुपद्रवी आहे' म्हणून सोडून दिलं आणि तो विषाणूवाला निघाला, तर पीकच जायचं. कोळ्याला तोंड देणारं गव्हाचं वाण तयार करतानाही आधी ठरवावं लागतं, कुठल्या कोळ्याला?

म्हणून पुढच्या वेळी टेस्टिंगच्या लॅबमध्ये 'सॅम्पल सगळे सेम आहेत' असं लिहिण्याआधी जरा थांबा. सेम आहेत, की आपण फक्त बाहेरूनच बघितलंय?