पाऊस गेला, भुरी आली

छत्रपती संभाजीनगरात दिवाळी जवळ आली की गुलाब लावणारे निर्धास्त होतात. पाऊस संपला, आता कसली बुरशी? नेमकी तेव्हाच कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखी पांढरी भुरी चढू लागते.

बुरशीला पाऊस लागतोच, हा समज काळ्या ठिपक्यांच्या रोगावरून आला असावा. तो रोग खरोखर पावसाळ्याचा. त्याचे बीजाणू रुजायला पान सलग 7 तास तरी ओले राहावे लागते, म्हणून तासाभराच्या धो-धो सरीपेक्षा दिवसभराची रिपरिप जास्त घातक. रोज संध्याकाळी झाडावर पाइपने पाणी मारले, तर रात्रभर ओले राहिलेल्या पानावर हा रोग पाऊस नसतानाही येऊ शकतो. पाणी सकाळी आणि बुडाशीच द्यावे.

भुरीचे गणित उलटे आहे. तिला दमट हवा मानवते, पण पानावर पाणी साचले की तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. रात्री 15-16 अंशांची दमट थंडी आणि दिवसा 26-27 अंशांचे कोरडे ऊन तिला फार पोषक, आणि आपल्या पठारावरचा हिवाळा बराचसा असाच असतो. शेजारच्या द्राक्षाच्या वेलावरून ती गुलाबावर आली, असेही म्हणतात. तसे होत नाही. दोन्हींवरच्या भुरीची बुरशी वेगवेगळी.

उन्हाळा सगळे रोग जाळून टाकतो, हा समज मला सर्वांत नुकसानकारक वाटतो. पारा चाळिशीला टेकला की भुरी आणि ठिपके थांबतात, पण ठिपक्यांची बुरशी गळलेल्या पानांत आणि रोगट फांद्यांत टिकून राहते. ती पाने गोळा करून नष्ट केली नाहीत, तर जूनमध्ये रोग पुन्हा तिथूनच सुरू होतो. शहरात नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येते, म्हणून आलेल्या दिवशी कुंड्या काठोकाठ भरण्याची सवय पडली आहे. तापलेली आणि पाणी साचलेली माती मूळकुज पसरवणाऱ्या बुरशींना सोयीची. कुंडीचे भोक मोकळे आहे ना, हे आधी पाहावे.

एप्रिल-मेमध्ये पाने फिकट, ठिपकेदार होऊन खाली बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी. त्यावर साधे बुरशीनाशक मारून उपयोग नाही. गंधक मात्र भुरी आणि कोळी दोन्हींवर चालते. तरी 32 अंशांच्या वर ते फवारू नये, पाने करपतात.