विश्लेषण : गहू सोडला तरी पोट बिघडतेच, सिलिअॅकवर औषध का मिळेना?

चपाती बंद, पाव बंद, बिस्किटेही बंद. तरीही पोट फुगते, जुलाब होतात, थकवा जात नाही. सिलिअॅकच्या अनेक रुग्णांची ही तक्रार आहे. आयुष्यभराचे पथ्य हाच या आजारावरचा मान्य उपचार. पथ्याच्या जोडीला औषध देण्यासाठी अनेक चाचण्या झाल्या, पण बहुतेक फसल्या. दोष दर वेळी औषधाचाच होता असे नाही.

आजार नेमका काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. जनुकीय प्रवृत्ती असलेल्या काहींच्या पोटात ते गेले की रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. भारतात त्याचे प्रमाण उत्तरेकडे जास्त आहे.

पथ्य कुठे फसते?

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. पण गहू दळलेल्या गिरणीत लगेच ज्वारी दळली तर पिठात गहू येणारच. बाजारातल्या डबीबंद हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ असते. ‘ग्लुटेन-फ्री’ लेबलसाठी मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभर पीठही महागात पडते. शिवाय काहींच्या तक्रारींचे कारण ग्लुटेन नसतेच. दूध न पचणे किंवा आतड्याचा दुसराच विकार त्यामागे असू शकतो.

चाचणीत घोळ काय होतो?

लॅटिग्लुटेनेज हे जठरातच ग्लुटेनचे तुकडे करणारे औषध. पथ्य पाळूनही त्रास होणाऱ्या 494 रुग्णांवर त्याची 12 आठवडे चाचणी झाली. निकाल 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांना बरे वाटले, पण प्लासिबो म्हणजे निष्क्रिय औषध घेणाऱ्यांनाही जवळपास तितकेच बरे वाटले! चाचणीत नाव नोंदवले, नियमित तपासणी सुरू झाली की माणूस पथ्यही काटेकोर पाळू लागतो, हे यामागचे एक संभाव्य कारण. मग औषधाचा गुण कोणता आणि पथ्याचा कोणता, हे ठरवायचे कसे?

यावर उपाय म्हणजे रुग्णांना मुद्दाम ग्लुटेन देणे. पुढच्या एका चाचणीत हेच औषध रोज 2 ग्रॅम ग्लुटेनसोबत दिले, तेव्हा आतड्याची हानी कमी झाल्याचे दिसले. ‘झेड-ई-डी 1227’ ही गोळी ग्लुटेनचे रूप बदलणारे शरीरातील एक एन्झाइम रोखते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत रुग्णांनी सहा आठवडे रोज 3 ग्रॅम ग्लुटेन खाल्ले. ब्रेडच्या एखाद-दुसऱ्या स्लाइसमध्ये असते तेवढे. तिन्ही मात्रांनी अस्तराची हानी कमी केली. मात्र आजार आटोक्यात असलेल्यांचे अस्तर वाचवणे वेगळे आणि रोज त्रास होणाऱ्याचे पोट शांत करणे वेगळे.

लाराझोटाइडचे काय झाले?

आतड्याच्या पेशींमधील फटी घट्ट ठेवणारे हे औषध सर्वांत पुढे गेले होते. 342 रुग्णांच्या चाचणीत 0.5 मिलिग्रॅमने लक्षणे कमी झाली. 1 आणि 2 मिलिग्रॅमने मात्र नाही. तरी ते तिसऱ्या टप्प्यात पोहोचले. 2022 मध्ये मधल्या टप्प्यावर आकडे तपासल्यावर, फरक सिद्ध करायला अव्यवहार्य वाटावेत इतके जास्त रुग्ण लागतील असे दिसले. चाचणी थांबवण्यात आली.

रुग्णांनी काय करावे?

अमेरिकेच्या औषध नियामकाने 2022 मध्ये या औषधांच्या चाचण्यांसाठी मसुदा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातही औषध पथ्याच्या जोडीलाच धरले आहे. म्हणजे गोळी आली तरी चपाती परत ताटात येईल असे नाही. पथ्य पाळूनही त्रास होत असेल तर आधी आहारतज्ज्ञाकडून रोजच्या जेवणातला छुपा गहू शोधावा, मग डॉक्टरांकडून इतर कारणे तपासून घ्यावीत. आणि ज्यांना फक्त शंका आहे, त्यांनी तपासणीआधी गहू सोडू नये. सोडल्यास आजार असूनही रक्तचाचणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते.