उन्हाळ्यांतील हिरवळ व ओल धरणारीं द्रव्यें

वैशाखांत हरळीची हिरवळ पिवळी पडूं लागली म्हणजे बरेच गृहस्थ हल्लीं ओल धरणारे हायड्रोजेलचे कण विकत आणतात. ही युक्ति अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत मक्याच्या स्टार्चपासून साधली. पुढें दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केलें. हे कण स्वतःच्या वजनाच्या शेंकडों पट शुद्ध पाणी शोषितात. परंतु विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यांत ही शक्ति पुष्कळच घटते, आणि ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात! कण पृष्ठभागीं फेंकणें व्यर्थ होय. नवी हिरवळ लावण्यापूर्वीं ते मुळांच्या थरांत मिसळावे. जुनीस भोंकें पाडून त्यांत घालावे. रेताड, मुरमाड जमिनींत त्यांचा उपयोग खरा. काळी जमीन मूळचीच ओल धरणारी, तेथें हा खर्च आम्हांस पसंत नाहीं.

रेताड जागीं पाणी आंत न मुरतां थेंब होऊन ओघळत असेल, तर दोष निराळा. तेथें कुजक्या गवताचा मेणचट लेप वाळूच्या कणांवर बसलेला असतो. त्यास साबणाच्या जातीचें ओलावक द्रव्य पाण्यांतून द्यावें लागतें.

कोणतेंही द्रव्य घातलें तरी पाणी पहाटे, अंतरानें पण खोलवर द्यावें, आणि गवत नेहमींपेक्षां किंचित् उंच राखावें.