विश्लेषण : मुक्त चित्रकाराला पैसे चित्राचे मिळतात, की हक्कांचे?

दिवाळी अंकांची कामे पावसाळ्यातच सुरू होतात. कथा हाती पडते आणि चित्र ‘परवापर्यंत’ हवे असते. मानधनाला मात्र अशी घाई नसते. मुखपृष्ठे, बालपुस्तके, जाहिराती, ॲप यांसाठी चित्रे काढणारे अनेक जण आज कुठेही नोकरीला नाहीत. त्यांचे काम कसे चालते आणि एका ओळीच्या ईमेलवर त्यांचे काय काय अवलंबून असते, याविषयी…

एका पुस्तकामागे किती काम?

मुलांचे सचित्र पुस्तक बहुधा ३२ पानांचे असते. छपाईच्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की ८ किंवा १६ पानांचा फर्मा तयार होतो, म्हणून पानांचा हिशेब त्याच पटीत बसवावा लागतो. शीर्षक आणि प्रकाशनाचा तपशील वगळला तर चित्रांसाठी १२ ते १४ जोडपाने उरतात.

रंगांना हात लावण्याआधी चित्रकार गोष्ट अनेकदा वाचतो. वाचक पान कुठे उलटेल, हे आधी ठरते. ‘आजी चिडली’ असे वाक्य असताना नुसती चिडलेली आजी काढण्यात फारसे काही नाही. पण तिच्या मागे फुटलेली लोणच्याची बरणी लपवणारा नातू दिसला, तर चित्राने गोष्टीत भर घातली. ही भर सुचायला लागणारा वेळ कोणत्याही बिलात लिहिलेला नसतो.

मग पेन्सिलीने काड्यापेटीएवढी कच्ची चित्रे, त्यांची दुमडून केलेली डमी, संपादकाची पसंती आणि शेवटी पक्के चित्र. मधल्या काळात संदर्भ शोधावे लागतात. नऊवारीचा काष्टा किंवा बैलाच्या मानेवरचे जू चुकले, तर गावाकडचे मूल ते पटकन ओळखते. छपाईचे नियम वेगळेच. पडद्यावरचे रंग आरजीबी, छपाई सीएमवायके या चार शाईंत. त्यामुळे मोबाइलवर झळकणारा पोपटी कागदावर मळकट उतरू शकतो. फाइल ३०० डीपीआयची, चारही बाजूंना सहसा ३ मिलिमीटर जादा चित्र, आणि कोणाचा चेहरा मधल्या शिलाईत जाणार नाही याची काळजी.

कच्च्या चित्रातला बदल काही मिनिटांचा असतो, रंगवल्यानंतरचा दोन दिवसांचा. म्हणून जाणते चित्रकार दर सांगतानाच ‘बदल दोनदा, तेही कच्च्या टप्प्यावर’ असे लिहून घेतात. ‘जरा बॅकग्राउंड बदला ना’ ही विनंती तोंडी मान्य करणे सर्वांत महाग पडते.

चित्राचा मालक कोण?

इथे कायदा वाटतो तितका सरळ नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार निर्मिती करणारा हाच सहसा पहिला मालक. नोकरीत काढलेल्या चित्राचा मालक नोकरी देणारा. मुक्त चित्रकाराने लक्ष द्यावे असा अपवाद मात्र पुढे आहे. मोबदला देऊन कोणी छायाचित्र, पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र करवून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो. आता पुस्तकातले रंगीत चित्र हे रेखाटन की पेंटिंग? वादाला जागा आहे, आणि वाद टाळायचा तर काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे लागते.

कलम १९ चित्रकाराच्या बाजूचे आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच वैध ठरते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. म्हणूनच करारातले ‘सर्व हक्कांसह, कायमस्वरूपी’ हे शब्द जड आहेत. मुखपृष्ठाचे चित्र पुढे मग, टी-शर्ट, पिशव्यांवर छापले गेले तरी चित्रकाराला वेगळे पैसे मिळत नाहीत.

हक्क विकल्यावरही काही उरते. कलम ५७ नुसार आपले नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक मोडतोड रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला.

पैसे अडकले तर?

उद्यम पोर्टलवरील नोंदणी मोफत आहे. ती काम घेण्याआधीच केलेली बरी. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. पण पुढच्या दिवाळीचे कामही त्याच कार्यालयातून येणार असते. त्यामुळे तक्रारीपेक्षा आगाऊ हप्ता हाच कामाचा उपाय ठरतो.

पूर्वी वेगळे होते का?

फारसे नाही. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये स्वतःचेच ‘दीपावली’ काढले. वसंत सरवटे एसीसी कंपनीत अभियंता म्हणून नोकरी करत चित्रे काढत राहिले. आता पेच नवा आहे. ग्राहक एआयने बनवलेले चित्र पाठवून ‘असेच, पण हाताची बोटे नीट करून द्या’ म्हणतो आणि दर दुरुस्तीचा देऊ पाहतो. अशा वेळी दुरुस्ती नाकारून कच्च्या चित्रापासून नव्याने काम करण्याचा दर सांगणारेही आहेत. काही ग्राहक तो मान्यही करतात.