मान दुखत नाही, मग आजार मानेचा कसा?

घरातल्या वडीलधाऱ्यांना कुर्त्याची बटणे लावायला वेळ लागू लागला, अम्मींच्या हातून सुई निसटू लागली की आपण म्हणतो, ‘वय झालं.’ बोटे बधिर झाली तर ‘शुगरमुळे असेल.’ नमाजेला खुर्ची लागली की दोष गुडघ्यांवर. हे सारे एकाच माणसात दिसत असेल, तर मूळ मानेत असू शकते.

मेंदूचे आदेश हातापायांपर्यंत नेणारा मज्जारज्जू मानेच्या मणक्यांमधून खाली उतरतो. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या झिजून फुगतात, हाडाला टोके फुटतात आणि ही वाट अरुंद होते. रज्जूवर दाब येऊन त्याचे काम बिघडले की डॉक्टर त्याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. हा आजार बहुधा पन्नाशीनंतर दिसतो. आपण ‘नस दबली’ म्हणतो ते सहसा वेगळे असते. त्यात रज्जूतून बाहेर पडणारी एखादी नस दबते, हातात कळ जाते आणि माणूस दुखण्यानेच दवाखाना गाठतो. रज्जू दबला तर अनेकांची मान दुखतही नाही. त्यामुळे निदानाला पुष्कळदा वर्ष-दोन वर्षे लागतात.

मग ओळखायचे कशावरून? आधी हात पाहा. अक्षर बिघडते, नाणी मोजताना बोटे अडखळतात, मोबाइलवर भलतीच कळ दाबली जाते. मूठ झपाट्याने उघडझाप करून पाहा. निरोगी माणूस 10 सेकंदांत साधारण 20 वेळा करतो. बरीच कमी झाली तर डॉक्टरांना सांगा. मात्र ती जमली म्हणून आजार नाहीच, असे समजू नका. मग चाल पाहा. पाय ताठ वाटतात, जिना उतरताना कठडा लागतो, अंधारात तोल जातो. वजू करताना तोंडावर पाणी घेऊन डोळे मिटले की झोक जातो, हीसुद्धा सांगण्यासारखी खूण आहे. काहींना मान पुढे वाकवताच पाठीतून विजेसारखा झटका जातो. लघवीची घाई होते, पण लाजेने ती कोणी बोलत नाही.

मधुमेहाचा बधिरपणा बहुधा तळपायांपासून सुरू होतो. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून शुगरच्या औषधावर समाधान मानू नये. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात ते उगीच नाही: मधुमेहात नसा खराब झाल्या तर पायाची उसळी मंदावते, रज्जू दबला तर ती वाढते. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, रज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो.

तोपर्यंत सलूनमध्ये मान ‘कडकन’ मोडून घेऊ नये. मालीशवाल्याकडून झटके तर नकोतच. दबलेल्या रज्जूला त्याने कायमची इजा होऊ शकते.

लक्षणे सौम्य असतील तर डॉक्टर काही काळ देखरेखीखाली व्यायाम आणि तपासणी सुचवू शकतात. मध्यम किंवा तीव्र असतील तर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. ऑपरेशनचे नाव काढताच घरात ‘लकवा मारेल’ अशी कुजबुज सुरू होते. धोका असतो, तो सर्जनना मोकळेपणाने विचारावा. पण दाब तसाच राहिला तरीही हातपाय जाऊ शकतात. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू बिघाड थांबवणे हा असतो. गेलेली ताकद किती परत येईल, हे बरेचसे रज्जू किती काळ दबलेला होता यावर ठरते.

पडल्यानंतर हातपाय लुळे वाटले, चालणे झपाट्याने बिघडले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.